झाकणाच्या शोधात चिनी आळी

तमाम मराठी बंधुभगिनींना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, न्यूझीलंडातील पोरिरुआ मुक्कामी, आमच्या राहत्या घरी, स्वयंपाकघराच्या टाइल्सवर एका झाकणाचे आकस्मिक निधन झाले. झाकण चिनी मातीचे असून वय साठीच्या पुढे समजले जात होते. त्याच्या पश्चात एक बरणी, एक दादरा आणि एक अपराधी जावई असा परिवार आहे.

तो जावई मी. आता आवाज जरा खाली आणतो, कारण पुढची हकिगत शरमेची आहे.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मी वेलिंग्टनच्या एका कचेरीत पाण्याच्या पाइपांची गणितं मांडायचो, बायको इस्पितळात नर्स होती. पुण्याहून येऊन आम्हाला सहा वर्षं झाली होती आणि सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आल्या होत्या. इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या थंडीत. बाकीचं सामान त्यांनी विमानाच्या पोटात जाऊ दिलं, पण एक गोष्ट मात्र मांडीवर घेऊन आल्या. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली लोणच्याची बरणी. पिवळट अंगाची, तपकिरी गळ्याची, वर बोंडाचं झाकण. त्यांच्या आईची. ऑकलंडच्या विमानतळावर अधिकाऱ्याने बरणीत टॉर्च मारला, नाक घातलं आणि विचारलं, "एम्प्टी?" सासूबाई म्हणाल्या, "नाऊ एम्प्टी." तो ‘नाऊ’ ऐकून अधिकाऱ्याने पुन्हा एकदा नाक घातलं.

त्या बरणीवर माझ्या बायकोचा लहानपणापासून डोळा होता. आजीच्या हातची लोणच्याची फोड, आजीचा वास, आजीचं सगळंच तिच्या लेखी त्या बरणीत होतं. नाशिकच्या वहिनीचाही डोळा होता, आणि वहिनी तिथे जवळ होती. सासूबाई आल्याच्या तिसऱ्या दिवशी हिने विचारून टाकलं, "आई, बरणी इथेच ठेवशील ना?" सासूबाईंनी उत्तर दिलं, "बघू. जाताना ठरवीन." आणि त्यानंतर माझ्याकडे असं काही पाहिलं की परीक्षा बरणीची नसून घराची आहे हे मला कळलं.

शेजारच्या बाईंच्या झाडाला लिंबं एवढी लागायची की त्या पिशव्या भरून कुंपणावर ठेवायच्या. सासूबाईंनी त्यांचं लोणचं घातलं, खिडकीतल्या उन्हात बरणी ठेवली, झाकण लावून तोंडावर दादरा म्हणजे धुवट मलमलचं फडकं करकचून बांधलं आणि हुकूम सोडला, "चाळीस दिवस कुणी हात लावायचा नाही."

मी एकोणीस दिवस थांबलो. एकोणीस हा लहान आकडा नाही. विसाव्या दिवशी बायको ड्यूटीवर, सासूबाई शेजारच्या बाईंबरोबर फिरायला. मी दादरा सोडला, डाव्या हाताने झाकण उचललं, उजव्या हाताने फोड. फोड अप्रतिम होती हे मी आजही सांगेन. तेवढ्यात दक्षिणेकडून वारा सुटला. वेलिंग्टनचा वारा ज्यांनी खाल्लेला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. मागचं दार असं आपटलं की मी हवेत आणि झाकण जमिनीवर. तीन तुकडे झाले.

माणूस अशा वेळी आपल्या मूळ स्वभावावर जातो. मी तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून गॅरेजमध्ये पुरले, बरणीच्या तोंडावर चहाच्या सेटमधली एक बशी पालथी घातली आणि वरून दादरा पुन्हा बांधला. बाहेरून पाहिलं तर सगळं जिथल्या तिथे. हा दादरा ज्याने शोधून काढला, त्याच्या घरी नक्की माझ्यासारखा जावई असणार.

पण लोणचं रोज हलवावं लागतं, आणि बरणी हलली की आत बशी खडखडणार. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढे झालो. "आई, तुमचा खांदा दुखतो. बरणी मी हलवत जाईन." असं म्हणून बोटांनी बशी दाबून धरत मी बरणी हलवायला लागलो. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्या दिवशी पुण्याला फोन करून तीन जणींना सांगितलं की जावई देवमाणूस आहे.

देवमाणसाची झोप उडाली. चाळिसावा दिवस रविवारी येत होता. मंगळवारी सासूबाईंचं विमान. रविवारी दादरा सुटणार, बशी निघणार, आणि ज्या घराला एक झाकण सांभाळता येत नाही त्या घरातून बरणी नाशिकला जाणार. वहिनी ती दिवाणखान्यात ठेवणार आणि त्यात प्लॅस्टिकची फुलं खोचणार. बायको मला काही बोलणार नाही. पुढची तीस वर्षं काही बोलणार नाही.

आता, पुण्यात वाढलेल्या माणसाला वस्तू हवी असली की तो आधी आळी आठवतो. तांब्याचा हंडा हवा, तांबट आळी. सूप-टोपली हवी, बुरूड आळी. हे आम्हाला शिकवावं लागत नाही. त्याच आठवड्यात कचेरीतला एक सहकारी बोलता बोलता म्हणाला की वेलिंग्टनमध्ये चिनी लोकांची जुनी गल्ली होती, ओळीने दुकानं होती. त्यातला ‘होती’ हा शब्द माझ्या कानांनी घेतलाच नाही. चिनी गल्ली. म्हणजे चिनी आळी. तांबट आळीत तांबं, तर चिनी आळीत काय मिळेल? मी टेबलावर हात मारून "अरेच्चा!" असं ओरडलो आणि सहकाऱ्याची कॉफी सांडली.

रात्री जेवताना मी जाहीर केलं की शनिवारी आपण चिनी आळी बघायला जायचं. शंभर वर्षांची बाजारपेठ आहे, आईंनी पाहायलाच हवी.

"तुला? इतिहास?" बायको म्हणाली. "मागच्या वर्षी म्युझियममध्ये तू कॅफेतून बाहेर आला नव्हतास."

"माणूस बदलतो," मी म्हणालो आणि भीतीने जरा जास्तच बोललो. लाल कंदील लटकत असतात, म्हणालो. छपरांची टोकं वर वळलेली असतात. दुकानाच्या दारात सिंह असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे.

"बांधलेले असतात ना?" सासूबाईंनी विचारलं.

शुक्रवारी मी न्याहारीच्या सिरीयलच्या खोक्यातून बरणीच्या तोंडाच्या मापाची एक गोल चकती कापली. पाइपांचा इंजिनीअर असल्यामुळे माप बिनचूक होतं. चकती जाकिटाच्या आतल्या खिशात, हृदयाजवळ ठेवली.

शनिवारी आम्ही निघालो. सासूबाई काठाच्या साडीवर हिचं फुगीर जाकीट आणि पायात माझे पळायचे बूट घालून मागे बसल्या होत्या. गल्ली सापडली. एका टोकाला पार्किंग होतं. मग गाड्या रंगवायचं गॅरेज. मग मोठं पार्किंग. मी गाडी हळूहळू दुसऱ्या टोकापर्यंत नेली, वळवली आणि पुन्हा पहिल्या टोकाला आणली, जणू मधल्या वेळात कुणीतरी बाजारपेठ आणून ठेवेल.

"सिंह कुठायत?" मागून आवाज आला.

"अजून उठले नसतील, आई," बायको म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिचे खांदे हलत होते.

उतरून चालल्यावर मात्र काहीतरी दिसलं. दोन पार्किंगच्या मध्ये, दातांच्या कवळीत उरलेल्या अस्सल दातांसारखी, तीन जुनी दुमजली घरं एकमेकांना चिकटून उभी होती. लाकडी फळ्यांची, अरुंद, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. फळ्यांचा फिकट हिरवा रंग जिथे सोलला होता तिथे खालून जुना लाल डोकावत होता. फुटपाथवर पत्र्याचं छज्ज्यासारखं छप्पर आलं होतं आणि मधल्या घराच्या कपाळावर सिमेंटमध्ये उठवलेली चार चिनी अक्षरं होती. त्यातल्या एका अक्षराच्या पोटात चिमणीने घरटं केलं होतं. दोन दुकानं बंद होती. मधलं उघडं होतं. भिंतीवर इतिहासाचा एक फलक होता.

मी जो वर वळलेल्या छपरांचा देखावा उभा केला होता, त्यातलं इथे काहीच नव्हतं. पण सासूबाई डोक्यावर हात धरून वर बघत उभ्या राहिल्या. "वरच्या खिडकीत बसलं की गिऱ्हाईक आलेलं दिसत असेल," त्या म्हणाल्या. "बाईने बांधून घेतलंय हे घर. पुरुषाला सुचत नाही."

"तुम्ही दोघी फलक नीट वाचा," मी म्हणालो. "मी आत जाऊन... विचारून येतो."

"काय विचारून?"

"इतिहास."

आत सुक्या अळंब्यांचा, आल्याचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. फळ्यांवर चहाचे डबे, नूडल्सच्या पुड्या, उलटे ठेवलेले वाडगे. गल्ल्यामागे सत्तरीच्या घरातली एक चिनी आजी विणकाम करत होती. अंगात कार्डिगन, पायात जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी स्लिपरा.

"कियोरा," तिने इथला माओरी नमस्कार केला.

"मला चायनीज मातीचं झाकण हवंय," मी दबक्या आवाजात म्हणालो.

"कसली माती?"

"चायनीज. तुमची."

तिने चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "माझी माती इथल्या लेव्हिन गावची आहे, लव्ह. तिथे आमच्या बाबांचा कोबीचा मळा होता. चीनला मी एकदाच गेले, बसच्या टूरने. पोट बिघडलं."

मग मला सगळं सांगावं लागलं. आमच्या भाषेत त्या मातीचं नावच चिनी माती, आमच्या गावात आळीच्या नावावरून माल कळतो, आणि म्हणून मी. तिने सुया खाली ठेवल्या. "म्हणजे तुझ्या मते इंडियन लोकांच्या गल्लीत इंडियन वस्तू मिळतात?"

"ऑकलंडला सँडरिंगहॅममध्ये जिलबी मिळते," मी म्हणालो.

"हं. मग तुझंही बरोबर आहे." तिने जरा विचार केला. "पण झाकण कशाला हवंय एवढं?"

मी दाराकडे एक नजर टाकली. दोघी फलकासमोर होत्या. मी गल्ल्यावर वाकून कबुलीजबाब दिला. बरणी, लिंबं, मीठ, ऊन, वारा, तीन तुकडे, बशी. ‘लिंबं, मीठ, ऊन’ ऐकून तिचा चेहराच बदलला.

"माझी आजी घालायची," ती म्हणाली. "लिंबं मिठात, बरणी पत्र्यावर उन्हात. काळी कुळकुळीत होईपर्यंत. घसा धरला की आम्हाला गरम पाण्यातून द्यायची. बरणी एका भूकंपात गेली. झाकण राहिलंय, मी त्यात किल्ल्या ठेवते. थांब." आणि ती जिना चढून वर गेली. जॅन्डल्सचा चट् चट् आवाज माझ्या डोक्यावरून पुढे गेला.

तेवढ्यात दोघी आत आल्या. मी झटकन अळंब्यांची एक पुडी उचलली आणि वाचू लागलो. सगळी अक्षरं चिनी होती.

"ऐक," बायको मला म्हणाली. ती अजून फलकातच होती. "सोनं शोधायला आले होते ही माणसं. मग भाजी, मग लॉन्ड्री. प्रत्येक चिनी माणसावर सरकारने कर लावला होता, इतका की बायकापोरांना आणणं परवडायचं नाही. वर्षानुवर्षं एकटे राहिले."

"आणि बायका तिकडे?" सासूबाई दुकानाच्या मधोमध उभ्या राहिल्या. "मग इथे यांचं खाणंपिणं? लोणचं कोण घालत होतं यांना?"

सासूबाईंनी एक वाडगा उचलून त्यावरून बोट फिरवलं आणि तो जागेवर ठेवला. मी क्षणभर माझं संकट विसरलो होतो, हे कबूल करतो.

तेव्हाच जिन्यावरून खणखणीत आवाज आला. "सापडलं! तू फोडलेल्या झाकणाच्या बदल्यात हे चालेल का बघ, लव्ह!"

इंग्रजी वाक्य होतं, पण ‘ब्रोक’ हा शब्द सासूबाईंना येत होता. माझी बायको नर्स आहे. तिने माझा चेहरा पाहिला, मग म्हातारीच्या हातातलं झाकण पाहिलं आणि निदान केलं.

"कुठल्या बरणीचं?" तिने विचारलं.

मी जाकिटाच्या आतून खोक्याची चकती काढली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली. तिच्या पाठच्या बाजूला केळ्याच्या कापांचं चित्र होतं.

"विसाव्या दिवशी," मी म्हणालो. "वाऱ्याने. म्हणजे हात माझा, पण वारा पण होता. आत बशी आहे. आई, म्हणूनच मी रोज हलवत होतो. खांद्याचं... तुमच्या खांद्यासाठी नव्हतं."

"म्हणजे माझा सेट पाचचा झालाय," बायको म्हणाली, "आणि मी भांडी धुण्याच्या मशीनला शिव्या देतेय."

तांदळाची पोती ठेवली होती, त्यातल्या एकावर सासूबाई सावकाश बसल्या. मला वाटलं, चक्कर आली. म्हातारी पाणी आणायला धावली. बायकोने त्यांची नाडी धरली.

"सोड गं," सासूबाई म्हणाल्या. "मला काही झालेलं नाही. जावईबापू, इकडे बघा. कसली बशी ठेवलीत?"

"चहाची. निळ्या फुलांची."

"मी वाटी ठेवली होती," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही दोघे त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"ते झाकण माझ्या आईचं नव्हतंच. तिने बरणी मला लग्नात दिली आणि दुसऱ्याच वर्षी मूळचं झाकण माझ्या हातून गेलं. साबण लागलेल्या हातांनी धरलं. आई घरी आली की मी आत वाटी ठेवून दादरा दुहेरी बांधायची. आणि ती यायची तीच बरणी बघायला. ‘दादरा सोड जरा, चव बघते,’ म्हणायची. मी म्हणायची, ‘अजून मुरलं नाही.’ एक लोणचं तर तीन वर्षं मुरत ठेवलं होतं. ती गेल्यावर बोहरी आळीतून दुसरं झाकण आणलं. रंग नीट बघितला असतात तर कळलं असतं, बरणी पिवळी नि झाकण पांढरं." त्या थांबल्या. मग बायकोकडे न बघता म्हणाल्या, "हिला आजीचं फार आहे. ‘आजीची बरणी, आजीची बरणी.’ मला वाटायचं, दिली की सांगावं लागेल. इतकी वर्षं नुसतं ‘बघू, बघू’ म्हणत आले. नाशिकच्या सुनेला कोण द्यायला बसलंय? तिला त्यात फुलं ठेवायचीत."

माझा जीव भांड्यात पडला. भांड्याला झाकण नव्हतं, एवढंच. मी हसायला लागलो, सासूबाई पदर तोंडाला लावून पोत्यावर हलायला लागल्या, आणि काही न कळलेली ती लेव्हिनची आजी पाण्याचा पेला घेऊन आमच्याबरोबर हसू लागली. मी तिला सगळं भाषांतर करून सांगितलं. गोष्ट तीन वर्षं मुरणाऱ्या लोणच्यापर्यंत आली तेव्हा तिला गल्ल्याला धरावं लागलं.

मग सासूबाई उठल्या, कामाला लागल्या. त्यांनी चकती झाकणाखाली धरली. तपकिरी, खडबडीत, वरून काचेसारखी चकाकी असलेलं झाकण होतं, कडेला एक टवका उडालेला. केसभर सैल होतं. "चालतंय," त्या म्हणाल्या. "दादरा घट्ट बांधायचा." मग म्हातारीकडे वळून, एक बोट वर करून, "लेमन. नो वॉटर. ओन्ली सॉल्ट?"

"ओन्ली सॉल्ट," म्हातारी म्हणाली.

"शुगर?"

"नेव्हर!"

"आम्ही घालतो थोडी," सासूबाईंनी मराठीतच सांगितलं, आणि उद्या बरणी उघडली की एक बाटली लोणचं इथे पोचवायची जबाबदारी माझ्यावर टाकली. म्हातारीने झाकणाबद्दल काहीच घ्यायचं नाकारलं. तिने ते वर्तमानपत्रात गुंडाळलं, दोरा बांधला आणि सासूबाईंच्या हातात दिलं. दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या. एकीच्या डोळ्यांत पाणी, मग दुसरीच्या. बाहेर वारासुद्धा थांबला होता. मलाही गहिवरून आलं आणि इतिहास, माणसं, एकटेपण, लिंबं यांवर काहीतरी मोठं बोलावं म्हणून मी घसा साफ केला.

माझी बायको मात्र मघापासून बाजूला उभी होती. आईकडून झाकणाकडे आणि झाकणाकडून माझ्याकडे बघत, मनातल्या मनात काहीतरी जुळवत. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"म्हणजे बरणी माझी!"